पाच-नऊ न देणारा वोब्बे

रेडिओवर बोलणाऱ्या हौशी मंडळींत खोटं बोलण्याची एक सभ्य रीत आहे. समोरच्याचा आवाज आपल्याकडे कसा पोचतोय, हे त्याला दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा बोलणं कितपत कळतंय याचा, पाचापैकी. दुसरा आवाज किती जोरकस आहे याचा, नवापैकी. कधीकाळी हे आकडे खरे असायचे म्हणे. आता सगळे सगळ्यांना पाच-नऊ देऊन मोकळे होतात. निम्मे शब्द खरखरीत वाहून गेलेले असोत, समोरच्याचं नाव तीनदा विचारावं लागलेलं असो, तरी पाच-नऊ. रस्त्यात कोणी 'कसं काय' विचारलं की आपण 'मजेत' म्हणतो, त्याहून त्याला जास्त अर्थ उरलेला नाही.

वोब्बे टर्प्स्ट्रानं मात्र जन्मात कोणाला फुकटचं पाच-नऊ दिलं नाही.

फ्रीसलांड प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्राच्या बांधाला पाठ टेकून त्याचं बुटकं घर आहे. दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. गोठ्याच्या दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, डावीकडून तिसरं यंत्र दमलंय, आणि ते दमलेलंच निघायचं. अशा माणसाला आपल्या कानांचा गर्व झाला तर त्यात नवल नाही. निवृत्त झाल्यावर तो गर्व त्यानं जसाच्या तसा रेडिओच्या खोलीत आणून ठेवला.

त्याच्या रेडिओवर आवाजाचा जोर दाखवणारा काटा आहे. वोब्बेनं त्या काट्यावर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावून टाकली होती. काटा विकणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, असं त्याचं म्हणणं. त्याची स्वतःची रीत वेगळी होती. आधी मोठं बटण फिरवत सगळाच आवाज खाली आणायचा, मागची खरखर इतकी खाली की शेजारच्या खोलीत पाणी तापायला ठेवलंय असं वाटावं, त्याहून मोठी नाही. दर वेळी तेवढीच. मग डोळे मिटायचे, आणि माणसाचा आवाज त्या खरखरीच्या किती वर उभा आहे ते बघायचं. खरखर ही त्याची जमीन होती. जमिनीवरून माणसाची उंची मोजायची, हा त्याचा साधा हिशेब.

दर रविवारी सकाळी त्या भागातल्या सात-आठ जणांची रेडिओवर फेरी व्हायची. एकानं बोलायचं, दुसऱ्याकडे द्यायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. डाख्तनचा रूलोफ, जुना पोस्टमन, फेरी चालवायचा आणि पाच-नऊची खिरापत वाटायचा. वोब्बेची पाळी आली की लोक सावरून बसायचे. कोणाला चार-सहा, कोणाला पाच-सात, आणि वर 'माइक तोंडात घालून बोलू नकोस'. त्याला सगळे दंतवैद्य म्हणायचे. पण नवी अँटेना चढवली की हीच मंडळी चाचरत विचारायची, "वोब्बे, आता बघ बरं जरा."

आठवड्यातून वोब्बे तेवढंच बोलायचा. बायको, आल्त्ये, जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोठेवाले आता फोन करत नसत, कारण नवी यंत्रं स्वतःच आपलं दुखणं पडद्यावर लिहून दाखवतात. रविवारपर्यंत त्याच्या घशाला गंज चढायचा. म्हणून फेरीच्या आधी तो स्वयंपाकघरात उभा राहून कॉफीच्या पाकिटावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचा, म्हणजे पहिलं वाक्य चिरकं निघू नये. तो एकटा होता आणि त्याला ते माहीत होतं. फक्त त्याचा आकडा त्यानं कधी स्वतःला सांगितला नव्हता.

फेरीत सगळ्यात शेवटी हिस्के यायची. ती समोरच्या आमेलांड बेटावर राहायची. हवा स्वच्छ असली की बांधावरून बेटाचा दीपस्तंभ दिसायचा, बोटीनं तासाभराचा रस्ता, पण दोघं कधी भेटले नव्हते. हिस्केनं आयुष्यभर बोटीची तिकिटं फाडली. नवरा गेल्यावर त्याचा रेडिओ विकायच्याऐवजी तिनं साठी ओलांडल्यावर परीक्षा दिली, परवाना काढला आणि माइक हातात घेतला. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी तिला पाच-नऊ दिलं. वोब्बेनं तीन-चार दिलं. तो गप्प झाला तशी ती हसली आणि म्हणाली, "चला, एकानं तरी ऐकलं."

तेव्हापासून त्यांचं जमलं. वोब्बे सांगायचा, तार आणखी उंच ओढ, अमुक जोड घासून पुन्हा कस. ती तसं करायची. तीन-चारची ती पाच-सहापर्यंत आली, आणि ते पाच-सहा दोघांची मिळून कमाई होती. ती त्याला टोमणेही मारायची. वोब्बे स्वतःहून कधी कोणाला हाक घालायचा नाही. कोणी बोलावलं तरच बोलायचा. "बोट धक्क्याला लागली तरी तू आत बसून राहशील," ती म्हणायची, "कोणी येऊन 'उतरा' म्हणेपर्यंत." सोमवारभर वोब्बे त्या वाक्यावर गालात हसत असायचा.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याची मुलगी निन्के आली. ती दक्षिणेला आइंडहोवनला असते, नवरा, दोन मुलं, नोकरी, सगळं धावपळीचं. येताना तिनं बापासाठी टॅब आणला. कुठे दाबायचं ते दाखवलं, स्वतःचा आणि मुलांचा फोटो आत घालून दिला. म्हणाली, हा चालू ठेवा, मी फोन करीन, बोलता बोलता पोरंही दिसतील. वोब्बेनं मान डोलावली. त्याला तो आवडला होता, पण तसं म्हणणं जमलं नाही. त्यानं पडदा बरा उजळ आहे असं काहीतरी म्हटलं.

बापलेकीत पूर्वीपासूनच बोलणं बेताचं. निन्के नऊ वर्षांची असताना एकदा हातातला छोटा रेडिओ घेऊन बांधावर पळत गेली होती आणि तिथून तिनं विचारलं होतं, "बाबा, कशी येतेय मी?" वोब्बेनं डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "तीन-दोन." आल्त्ये दारातून म्हणाली होती, "अरे, पोर आहे ती." पोर घरी आली, रेडिओ टेबलावर ठेवला आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. वोब्बेला तेव्हा वाटलं होतं, तिनं अँटेना आडवी धरली असणार. ती आडवीच धरली होती. तो बरोबर होता, आणि इतक्या वर्षांत त्या बरोबर असण्याचा त्याला काहीएक उपयोग झाला नव्हता.

सिंट निकोलासच्या संध्याकाळी, घरोघरी मुलं भेटवस्तू उघडत असतात तेव्हा, निन्केनं फोन केला. टॅब मेलेला होता. वोब्बे चार्ज करायला विसरला होता. दुसऱ्या दिवशी तिनं घरच्या फोनवर सांगितलं तेव्हा त्याला कळलं. ती म्हणाली, असू द्या बाबा, काही बिघडलं नाही. ते 'काही बिघडलं नाही' त्याच्या काळजात रुतलं. डोकमच्या बाजारात जाऊन त्यानं लांब वायरचा एक स्वस्त चार्जर आणला, टॅब थेट रेडिओच्या टेबलावर मांडला आणि प्लग लावून टाकला. घरात तो सगळ्यात जास्त त्याच टेबलाशी बसायचा. रात्रंदिवस टॅब भरलेला राहू लागला. आता फोन चुकणार नव्हता.

त्याच सुमारास हिस्के खचायला लागली.

आधी ती पाच-पाच झाली. मग चार-चार. वोब्बे दर रविवारी नेहमीसारखी खरखर पाण्याच्या सुरावर आणायचा आणि डोळे मिटायचा, तर तिचा आवाज आदल्या वेळेपेक्षा खाली गेलेला. बटण हल्ली जरा जास्त फिरवावं लागतंय, हे त्याच्या बोटांना कळत होतं. पण शेजारच्या गेर्बेननं गोठ्याच्या छपरावर विजेसाठी सौर पाट्या बसवल्या होत्या, त्यांचीही खरखर रेडिओत शिरते, जगात खरखर वाढतच चालली होती, आणि खरखर वजा करायला आपले कान आहेत, अशी त्याची खात्री. रूलोफ आणि बाकीचे अलीकडच्या किनाऱ्यावरचे, जवळचे, जोरकस. ते तसेच ऐकू यायचे. बुडत होती ती एकटी बेटावरची. त्यावरून त्यानं निदान केलं: केबल. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं बेटावरच्या केबली सडतात, हे कोणालाही माहीत आहे. त्यानं तिला बजावलं, केबलमध्ये पाणी गेलंय, बदल.

हिस्केनं केबल बदलली. पुतण्याला अँटेनाच्या खांबावर चढवलं, जोड नवे केले, तार नवी ओढली. रूलोफ म्हणत होता, हिस्के, पाच-नऊ. वोब्बे म्हणाला, तीन-तीन.

आणि मग एका रविवारी वोब्बेला काहीच ऐकू आलं नाही. रूलोफनं तिच्याकडे फेरी दिली, खरखर झाली, खरखर संपली, आणि रूलोफ म्हणाला, वा हिस्के, पाच-नऊ. वोब्बेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा पाळी आल्यावर तो म्हणाला, "रूलोफ, तू रिकाम्या खुर्चीला पाच-नऊ देतोस. तिच्यावर दया करतोयस ती थांबव. तिथे कोणी नाहीये."

ते हिस्केनं ऐकलं. ती तिथे होती.

त्यानंतरच्या रविवारीही वोब्बेला ती ऐकू आली नाही. आठवडा संपेना. हसायला त्याच्याकडे कुठलं वाक्य नव्हतं. दोनदा तो बांधावर जाऊन दीपस्तंभ दिसतो का ते बघून आला, धुकं होतं. तिला फोन करता आला असता, नंबर मिळाला असता, पण रेडिओच्या माणसाला फोन करायची या मंडळींत पद्धत नाही, आणि वोब्बे तर रेडिओवरही कोणाला हाक घालत नसे. टॅब शेजारी भरलेला पडून असायचा. तोही वाजत नव्हता. वोब्बेला फार एकटं वाटलं. तो पहिल्यांदाच ते स्वतःशी मोठ्यानं म्हणाला, आणि गंजलेल्या आवाजात ते त्याला दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी बांधालगतच्या सगळ्या घरांची वीज दुपारपर्यंत बंद राहणार होती. केबल बदलण्याचं काम होतं. वोब्बेकडे अशा वेळेसाठी गाडीची एक जुनी बॅटरी होती. कोट घालून, थंड कॉफी घेऊन तो बसला आणि रेडिओ सुरू केला.

आधी त्याला वाटलं रेडिओच बंद पडलाय. मोठं बटण नेहमीच्या जागी होतं आणि खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. तो बटण फिरवत गेला, फिरवत गेला, गेल्या वर्षी असायचं तिथपर्यंत, तेव्हा कुठे लांबवर पाणी तापू लागल्यासारखं झालं. आणि त्याच्या वर, स्पष्ट, सरळ उभा, हिस्केचा आवाज होता.

ती निरोप घेत होती. म्हणत होती, मंगळवारी माणसं गाडी घेऊन येतील आणि खांब उतरवून नेतील. तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं, त्याबद्दल उपकार मानते. पण जिचा आवाजच पोचत नाही अशा बाईला दर आठवड्याला कोण किती दिवस सांभाळणार. वोब्बेनं तेवढं खरं सांगितलं. "त्याच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली, "त्याला हे ऐकू जाणार नाहीच, कोणीतरी सांगा. रूलोफ, घे तुझी फेरी."

ती बोलत असतानाच वोब्बेनं चिकटपट्टीला नख लावून ती ओढून काढली होती. काटा सहावर होता. तो इतके महिने सहावरच येत असणार. बुडाली ती हिस्के नव्हती. जमीनच वर आली होती, त्याच्या घरात, आणि तो वर आलेल्या जमिनीवरून तिची उंची मोजत बसला होता.

पाळी रूलोफची होती. वोब्बेनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या पाळीत माइक दाबला.

"हिस्के. पाच-सहा."

मग ती बोलली, जपून. "तुला रूलोफनं शिकवलं हे?"

"रूलोफचं मी कधी ऐकलंय?"

"मग सहाच का?"

"सात नाहीये म्हणून."

यावर ती हसली, आणि त्या हसण्यात मध्येच काहीतरी अडकलं. तेही वोब्बेला नीट ऐकू आलं. तो भराभर बोलत गेला. दोष तुझ्यात कधीच नव्हता, माझ्या घरात काहीतरी खरखर करतंय, आज वीज नाही म्हणून तू ऐकू आलीस. तू केबल बदललीस, पोराला खांबावर चढवलंस, ते सगळं माझ्या पायी. रूलोफ आणि बाकीचे खरं सांगत होते. हे शेवटचं म्हणायला त्याला जास्त वेळ लागला.

हिस्के म्हणाली, "तुझ्या तीन-तीनवर मी विश्वास ठेवला आणि बाकी सगळ्यांच्या पाच-नऊवर नाही. याची मला लाज वाटायला हवी की तुला?"

"मला," वोब्बे म्हणाला.

"बरं. मग मंगळवारच्या माणसांना मी येऊ नका म्हणून कळवते. तू तुझी खरखर शोध."

वीज आली ती खरखर घेऊनच. ती आता वोब्बेला अशी ऐकू आली की इतके दिवस कानांत काय भरलं होतं कोण जाणे. तो घरभर फिरून एकेक प्लग काढत गेला. फ्रीज नाही, दिवा नाही, गरम पाण्याची टाकी नाही. मनातल्या मनात गेर्बेनची तयारी करत, त्याच्या पाट्यांबद्दल काय काय सुनवायचं ते जुळवत तो रेडिओच्या टेबलापाशी परत आला, आणि तिथला तेवढा एक प्लग राहिला होता. त्यानं चार्जर ओढला. खोली शांत झाली.

तो प्लग हातात धरून खुर्चीत बसला. लेकीचा फोन चुकू नये म्हणून त्यानं ते यंत्र उशाशी घेतल्यासारखं जवळ घेतलं होतं. त्याच्यापायी दुसरी एक बाई त्याच्या ऐकण्यातून जवळजवळ कायमची गेली होती. आणि इतक्या महिन्यांत ते एकदाही वाजलं नव्हतं. त्यानं निन्केला मनात दोष द्यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. बोटीत आत बसून राहणारा माणूस कोण, हे त्याला हिस्केनं सांगून ठेवलं होतं.

दुपारी त्यानं कालचं वाटाण्याचं दाट सूप गरम केलं आणि तसंच ठेवलं. कॉफीच्या पाकिटावरचा मजकूर एकदा मोठ्यानं वाचला. मग टॅब बांधाकडच्या खिडकीत उभा केला आणि निन्केनं दाखवलं होतं तिथे दाबलं.

बराच वेळ नुसतं वाजलं. मग पडद्यावर एक कान, मग आभाळ, मग निन्के आली. ती कुठल्याशा मैदानाच्या कडेला होती. मागे पोरं फुटबॉल खेळत होती आणि वारा घोंघावत होता.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"काही झालं नाही. हाक घातली."

तिला ते कळलं नाही. ती काहीतरी बोलली, त्यातलं त्याला 'धाकटा' आणि 'गोल' एवढंच सापडलं. चित्र गोठलं, पुन्हा सुटलं. वारा तिचं प्रत्येक वाक्य मधोमध तोडत होता. तो हो हो म्हणत राहिला. मग ती फोन तोंडाजवळ आणून ओरडली, "बाबा, ऐकू येतंय का? कशी येतेय मी?"

वोब्बेनं सवयीनं डोळे मिटले. दोन-तीन, फार तर. त्याहून एक कणभर जास्त नाही.

"पाच-नऊ," तो म्हणाला.

पलीकडे नुसता वारा होता. तुटलं वाटून त्यानं डोळे उघडले. चित्र पुन्हा गोठलेलं होतं. निन्केचं तोंड अर्धवट उघडं आणि कपाळावर केस. मग त्या गोठलेल्या चित्रातून तिचा आवाज आला, हळू, पण सगळाच्या सगळा.

"खोटं बोलताय, बाबा," ती म्हणाली. "थांबा, मी आडोशाला जाते. ठेवू नका."

वोब्बेनं ठेवला नाही.